डिग्रीबाईचं तिसरं इंजिन

डिग्रीबाई मॅट्रिक नापास. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर नाव ऐकून माणसं उगाच वचकतात. तिची डिग्री टेंपरेचरची. इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची खोली असते ना, तिथे बाईने एकतीस वर्षं काढली. एकशे एकवीस डिग्री, पंधरा मिनिटं. काटा एक रेघ जरी खाली राहिला तरी सगळा माल पुन्हा आत. वरच्या मजल्यावर सर्जन ताटकळत, पाय आपटत, फोनवरून ओरडत. ही खाली ढिम्म. "तुमची घाई तुमच्यापाशी. काटा चढला की ट्रे वर येईल," एवढं बोलून फोन ठेवायची. एकतीस वर्षांत तिच्या हातचा एक ट्रे परत आला नाही. असल्या बाईला निवृत्तीनंतर घरी वाटाणे सोलायला बसवलं असतं, तर तिने वाटाण्यांचंही टेंपरेचर घेतलं असतं.

हे नाव ठेवलं तिच्या थोरल्या दिरांनी. लग्न होऊन आली तेव्हा चहा देताना विचारायची, "भावोजी, किती गरम हवा?" ते म्हणाले, "अगं, चहा आहे, कडक नि गरम! डिग्री कसली विचारतेस?" झालं, त्या दिवसापासून डिग्रीबाई. नवराही तेच म्हणतो, शेजारीही तेच म्हणतात, आणि इस्पितळाच्या निरोप समारंभाच्या फलकावरसुद्धा कोणीतरी तेच लिहिलं होतं.

नवऱ्याची कथा निराळी. तो मोठ्या हॉटेलात लिफ्टमन. आयुष्यभर वर आणि खाली, वर आणि खाली. डावीकडे-उजवीकडे वळायची जी हौस राहून गेली होती, ती त्याने निवृत्तीनंतर फेडून घेतली. एकदा थोरल्या भावाबरोबर गावाबाहेरच्या मैदानावर गेला, तिथे रिमोटवर धावणाऱ्या गाड्या पाहिल्या आणि साठीला आलेला माणूस पोरासारखा खुळावला.

या गाड्या म्हणजे खेळण्याच्या दुकानातल्या बॅटरीच्या डब्या समजू नका हं. हातभर लांब, पण पोटात खरंखुरं इंजिन. पेट्रोल नव्हे, स्पिरिटासारखं वेगळंच इंधन पितात, नायट्रो म्हणतात त्याला. पिस्टन आपल्या अंगठ्याच्या पेराएवढा. सुटली की कानाला दडे बसतात, आणि मातीच्या ट्रॅकवर अशी उधळते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. ड्रायव्हर उंच मचाणावर रिमोट घेऊन उभा राहतो. खाली ट्रॅकच्या कडेला, पिट म्हणतात त्या जागी, त्याचा एक माणूस असतो. गाडी दर सात-आठ मिनिटांनी इंधनाला आली की टाकी भरायची, टेंपरेचर बघायचं, स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा सोडायची. नवऱ्याने मचाण धरलं. खालची जागा कोणाकडे जाणार हे काय सांगायला हवं?

आता त्या स्क्रूची मेख समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. इंजिनाला लागणारं तेल इंधनातच मिसळलेलं असतं. स्क्रू सैल केला की इंजिनाला भरपूर प्यायला मिळतं. मग ते थंड राहतं, पण सुस्तावतं आणि ढगभर धूर ओकतं. स्क्रू आवळला की पिणं कमी, धूर कमी, गाडी सुसाट. अजून आवळला की तेल पुरत नाही, इंजिन तापतं, आणि एका क्षणी पिस्टन जागच्या जागी धरतो. संपलं. त्यानंतर ते इंजिन टेबलावर कागद दाबून ठेवायच्या लायकीचं. म्हणून साधारण एकशे पाचच्या आसपास ठेवायचं, एकशे वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे कळताच बाईचे डोळे चमकले होते. "म्हणजे हे माझंच काम की!"

आणि खरंच, तिच्यासारखं कोणी करत नव्हतं. बाकीचे इंजिनाच्या माथ्यावर थुंकी लावलेलं बोट टेकवून अंदाज घ्यायचे. बाईने टेंपरेचरची गन घेतली. लांबून रोखायची, लाल ठिपका पडतो, आकडा येतो. प्रत्येक सरावाचा आकडा वहीत. शेजारच्या तंबूत दातांचे डॉक्टर असायचे, त्यांच्याकडे महागातलं महाग सामान आणि स्क्रू फिरवायला पगारी माणूस. तेही येऊन विचारायचे, "बाई, आज हवा कोरडी आहे, काय करू?"

असं दीड वर्ष छान गेलं, आणि मग एका वर्षात दोन इंजिनं जळली.

पहिलं वसंतातल्या शर्यतीत. गन दाखवत होती एकशे चार. अगदी मापात. पाचव्या मिनिटाला गाडी सरळ रस्त्यावर कर्र करून थांबली ती थांबलीच. दुसरं चार महिन्यांनी, पुन्हा शर्यतीत, पुन्हा गन एकशे तीन. आणि गंमत बघा, सरावात एकदाही असं झालं नाही. आठवड्यातून दोनदा सराव, तासन् तास गाडी पळते, काही होत नाही. शर्यत आली की इंजिन गेलं.

बाईने आधी गनवर संशय घेतला, घेणारच. पाणी उकळवलं, गन रोखली, नव्याण्णव. पुन्हा उकळवलं, पुन्हा नव्याण्णव. गन खरी. मग खोटं कोण? दातांच्या डॉक्टरांनी निकाल देऊन टाकला. बाई ऐकतेय हे माहीत नसताना म्हणाले, "सरावात ठीक असतं हो. शर्यतीत बाईंचा धीर सुटतो, हात जास्त आवळला जातो." बाई तंबूच्या कापडामागे इंधनाची बाटली धुवत होती. हात तसाच थांबला. सर्जन ओरडताना जिचा हात हलला नाही, तिचा धीर सुटतो? पण दोन इंजिनं तर जळली होती. ती तिच्याच स्क्रूने जळली होती. त्या दिवसापासून बाईला स्वतःचीच खात्री वाटेना. गॅस बंद केला का हे बघायला दोनदा उठायला लागली.

आणि ती इंजिनं काही दुकानातली नव्हती. थोरले दीर जन्मभर कारखान्यात लेथवर. मोडक्या जुन्या इंजिनात स्वतः घासून बसवलेला पिस्टन घालायचे, केसाच्याही दहाव्या हिश्श्याचा फरक बोटाने ओळखायचे. एकेक इंजिन म्हणजे तीन-तीन महिन्यांचं काम. पहिलं जळालं तेव्हा हसले. दुसरं जळालं तेव्हा हसले नाहीत. त्यांना काचबिंदू झालेला होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. तरी त्यांनी तिसरं इंजिन केलं. भिंग लावून, खिडकीपाशी बसून, उजेड असेल तेवढा वेळ. त्याला पाच महिने लागले. घेऊन आले तेव्हा जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं होतं. भावाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे शेवटचं. याच्यापुढे मला रेघाच दिसत नाहीत. चालव मजेत. पण टेंपरेचरला दुसरं कोणीतरी बघ."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं हे त्यांनाही कळलं. मग नवराच म्हणाला, "दादा, दुसरं कोणी नाही. ती असेल तर मी आहे." दीर चहा न घेता गेले.

त्या रात्री बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, भावोजींचं बरोबर आहे. डॉक्टरांच्या माणसाला सांगा."

"सांगतो ना. आधी तू लिफ्ट चालव, मग त्याला सांगतो."

"थट्टा नको. या वेळी इंजिन गेलं तर मी पुन्हा गन हातात धरणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"बरं. आणि नाही गेलं तर?"

बाईने दिवा मालवला. तिला झोप लागली नाही. नवरा मात्र घोरत होता, बायकोवर विश्वास असलेल्या माणसाला झोप कशी गाढ लागते ते बघायचं असेल तर त्याला बघावं.

शर्यतीचा दिवस उजाडला. अंतिम फेरी तीस मिनिटांची, गाड्या दहा. दीर आले होते, कसे नाही येणार? घडीची खुर्ची टाकून, पिटच्या दोरीपलीकडे, हातातली काठी गुडघ्यांमध्ये धरून बसले. त्यांना गाडी आता एक रंगीत डाग दिसायची. पण आवाज ऐकू येत होता, आणि आवाजावरून ते इंजिनाची तब्येत सांगायचे.

गाडी सुरू केली, गरम केली. गन रोखली. अठ्ठ्याऐंशी. बाई म्हणाली, थंड आहे. स्क्रू आवळला, किंचित, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा. त्र्याण्णव. अजून थोडा. नव्याण्णव. हे सगळं अगदी गेल्या दोन वेळांसारखंच चाललं होतं. सरावात याच हवेत, याच इंजिनाला एवढा स्क्रू आवळावा लागला नव्हता. वहीत लिहिलेलं होतं. पण आकडा तर समोर दिसतोय! आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

भोंगा झाला, गाड्या सुटल्या. नवरा पहिल्याच फेरीत चौथा, मग तिसरा. लोक टाळ्या पिटायला लागले. दातांच्या डॉक्टरांची गाडी दुसरी, आणि नवरा त्यांच्या मागच्या बंपरला चिकटलेला. सातव्या मिनिटाला गाडी इंधनाला आली. बाईने झाकण उघडलं, बाटली दाबली, आणि तिच्या हातून जे एकतीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. हात चुकला. इंधन टाकीबाहेर सांडलं, थेट इंजिनाच्या माथ्यावर, आणि धूळ-तेलाचा चिखल होऊन तिथेच करपलं. "डिग्रीबाई, सोड!" मचाणावरून नवरा ओरडला. गन रोखायला वेळच मिळाला नाही. गाडी सुटली.

"लाज आणली हो मी," बाई स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. पलीकडे दिरांनी मान वळवली. त्यांच्या कपाळाला आठी होती. सांडल्याची नव्हती ती. ते कान देऊन इंजिनाचा चढा, कोरडा आवाज ऐकत होते.

"वहिनी," डॉक्टरांचा पगारी माणूस हसून म्हणाला, "अंघोळ घातली का गाडीला?"

"तुझं तू बघ रे बाबा," बाई म्हणाली. एरवी तिने त्याला चांगलं सुनावलं असतं.

पंधराव्या मिनिटाला गाडी दुसऱ्यांदा आली. या वेळी बाईने दात-ओठ खाऊन बाटली सरळ धरली, टाकी भरली, एक थेंब सांडला नाही. मग गन उचलली. माथ्यावर लाल ठिपका पडला. एकशे एक. छान. हात जरा हलला, ठिपका बोटभर सरकला आणि त्या करपलेल्या काळ्या डागावर पडला. एकशे एकोणचाळीस.

बाईने ठिपका परत चकचकीत जागेवर आणला. एकशे एक. काळ्यावर. एकशे चाळीस. एकाच माथ्यावर, एका बोटाच्या अंतरावर दोन आकडे!

"सोड ना! काय करतेस?" वरून नवरा.

आता बाईच्या मनात काय झालं ते नीट सांगायला हवं. इस्पितळात यंत्राला दोन काटे होते. दोघं वेगवेगळं बोलले तर कमी बोलणाऱ्याचं ऐकायचं, हा तिथला कायदा. कारण तिथे भीती थंड राहण्याची. हत्यार नीट तापलं नाही तर माणूस मरेल. जास्त तापलं तर काही बिघडत नाही. एकतीस वर्षं तिने कमी आकड्याचं ऐकलं होतं, इतकं की ते तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. आणि तिथे, गाडीपुढे गुडघ्यावर बसलेली असताना, तिला लख्ख आठवलं की दुसऱ्या इंजिनाच्या वेळीही असं झालं होतं. असाच एकदा ठिपका सरकला होता, एकशे पस्तीस दिसलं होतं, आणि तिने सवयीने ते सोडून देऊन एकशे तीनचं ऐकलं होतं. इथे तर भीती तापण्याची! इथे मोठ्या आकड्याचं ऐकायला हवं होतं!

तिने बोट पाण्यात बुडवलं आणि माथ्यावर शिंतोडा उडवला. तापल्या तव्यावर उडावा तसा थेंब नाचला आणि क्षणात नाहीसा झाला. बास. तिने स्क्रूड्रायव्हर घातला आणि स्क्रू चांगला पाव वळसा सैल केला.

गाडी सुटली ती खोकत. मागून असा धूर निघाला की पिटमधली माणसं मागे सरली. तिसऱ्या नंबरची गाडी पहिल्याच वळणावर पाचवी झाली, मग सहावी. मचाणावरून नवऱ्याचा आवाज फाटला. "अगं, काय केलंस? गाडी मेली माझी!"

"जिवंत केलीय!" बाई खालून ओरडली. "चालवा तुम्ही!"

"सहावा आलोय मी!"

"दहावे या, पण धूर राहू द्या!"

मैदानावर हशा पिकला. दातांचे डॉक्टर मचाणावर हसता हसता वळण चुकले. बाईला कशाचं काही नव्हतं. ती धुराकडे बघत होती. निळसर, जाड, भरपूर धूर. उरलेली पंधरा मिनिटं तिने तो धूर डोळ्यांत तेल घालून पाहिला. मधे एकदा गाडी इंधनाला आली तेव्हा काळ्या डागावर गन रोखली. एकशे अकरा. बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिने झाकण लावलं, गाडी सोडली आणि मगच पदराने डोळे टिपले.

नवरा सहावाच आला. डॉक्टर दुसरे.

पण शर्यत संपली तरी गोष्ट संपली नव्हती. पंधरा मिनिटं ते इंजिन एकशे चाळीसवर तापून पळालं होतं. आत काय उरलं होतं, हे इंजिन थंड झाल्याशिवाय कळणार नव्हतं. पिस्टन शाबूत असेल तर तो चढताना अगदी वरच्या टोकाला स्लीव्हमध्ये, म्हणजे भोवतीच्या नळीत, घट्ट अडतो, हाताने इंजिनाचं चाक फिरवलं की कळतं. जळलेला असेल तर सरसर फिरतो, आणि मग सगळं आटोपलं. म्हणून थांबायचं. गाडी टेबलावर ठेवली आणि तिघं तिच्याभोवती बसले. दीर खुर्ची उचलून दोरीच्या अलीकडे आले. बाईने दोघांना सगळं सांगितलं. चकचकीत जागेवर एकशे एक, काळ्या डागावर एकशे चाळीस. इस्पितळाची सवय. दुसऱ्या इंजिनाच्या वेळी सोडून दिलेला आकडा. काही लपवलं नाही.

दीर ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि इंजिनाच्या माथ्यावरून बोट फिरवलं.

"हे एवढं गुळगुळीत कसं? मी देताना असं नव्हतं. मी खरबरीत ठेवलं होतं."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"मी पुसतो," तो म्हणाला. "म्हणजे... गेल्या वसंतापासून, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी. हॉटेलात लिफ्टची पितळी बटणं पुसायचो ना, तेच पॉलिश. गाडी लोकांसमोर जाते, म्हटलं जरा झळाळी हवी. सरावाला कशाला पुसायचं?"

"दर शर्यतीला?" दिरांनी विचारलं.

"दर शर्यतीला," नवरा म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच कळलं. "फक्त शर्यतीला."

बाई बघतच राहिली. तिने ती झळाळी पाहिली होती. तिला आवडलीही होती. नवऱ्याच्या कामाचं कौतुकच वाटलं होतं तिला.

दिरांनी काठी टेबलावर आपटली, जोरात. डॉक्टरांच्या तंबूतली माणसं वळून बघायला लागली. "अरे, ही गन तापलेल्या धातूची धग लांबून बघते! चकचकीत धातू धग बाहेर दाखवतच नाही, आरशासारखा समोरचं काहीतरी दाखवतो. आमच्या कारखान्यात भट्टीतून धातूचा जॉब निघाला की आधी त्याच्यावर काळा ठिपका मारायचे आणि मगच गन रोखायचे. बत्तीस वर्षं मी ते रोज बघितलं. रोज! आणि वर्षभर ही बाई मला सांगतेय की गन एकशे चार दाखवत होती, तर मला ते आठवलं नाही. मी म्हटलं, हिच्या हाताचा दोष."

"माझाही दोष आहेच की," बाई म्हणाली. "मोठा आकडा दिसूनही—"

"तू गप्प बस जरा. थोरला बोलतोय." त्यांनी काठी खाली ठेवली. "तुझ्या दारात उभं राहून मी म्हटलं, दुसरं कोणीतरी बघ. तू ऐकलंस. तू ऐकतेयस हे मला माहीत होतं. माझं चुकलं."

नवरा मान खाली घालून बसला होता. "दोन इंजिनं मी घालवली," तो म्हणाला, "आणि वर्षभर लोक हिला बोलत राहिले. मी शेजारी बसून ऐकलं. अगं, मला काय म्हणायचं ते म्हण तू."

बाईला काय म्हणायचं होतं? वर्षभराचं ओझं छातीवरून उतरत होतं, आणि ते उतरताना तिला एकदम हसू फुटलं. आधी थोडं, मग अनावर. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "अहो, मला वाटत होतं माझं डोकंच फिरलंय! गॅस बंद केला का म्हणून रात्री दोन-दोनदा उठत होते मी. आणि तुम्ही पॉलिश करून घोरत होतात!"

"मला उठवायचं ना मग," नवरा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. बाईने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि हात तिथेच राहू दिला.

"झालं असेल थंड," दीर म्हणाले.

तिघांचंही हसू मावळलं. बाईने माथ्यावर हात टेकला. कोमट. दिरांनी चाकाला अंगठा लावला आणि डोळे मिटले. मिटले काय, उघडे असून तरी काय दिसत होतं. अंगठा हळू फिरू लागला. चाक फिरलं, फिरलं, सहज फिरलं. बाईने श्वास धरला. नवऱ्याने तोंड फिरवलं.

आणि चाक अडलं.

दिरांनी अंगठा दाबला. अडलेलंच. अजून दाबला, तेव्हा कुठे टक्कन पुढे सरकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच अडलं. तिसऱ्यांदा फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"आहे," ते म्हणाले. "धरून आहे. थोडं झिजलंय, पण धरून आहे. अजून दहा मिनिटं आवळलेलं पळालं असतं तर गेलं होतं."

"अगदी खरं?" बाईने विचारलं.

"बघ की तू."

त्यांनी तिचा हात धरला आणि तिचा अंगठा चाकावर ठेवला. बाईने आजवर इंजिनाला गन रोखली होती, स्क्रू फिरवला होता, पण हे कधी केलं नव्हतं. अंगठ्याखाली चाक फिरलं, आणि वरच्या टोकाला कोणीतरी आतून हळूच धरून ठेवल्यासारखं थांबलं.

"लागलं?"

"लागलं," बाई म्हणाली. "इथे. आणि या बाजूला जरा कमी वाटतंय."

दिरांचं बोट थांबलं. "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. असं फिरवलं की."

त्यांनी स्वतः पुन्हा फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. समोर ट्रॅकवर माणसं दोर गुंडाळत होती.

"मला हे चार वर्षांनी कळायला लागलं होतं," ते म्हणाले. "लेथवर बसल्यावर चार वर्षांनी." मग ते बाईकडे वळले. "घरी माझ्याकडे तीन मोडकी इंजिनं पडलीत. भिंग आहे, कानस आहे, लेथ आहे. डोळे नाहीत. तू आलीस तर डोळे तुझे, बाकीचं मी सांगेन. येशील?"

"मी?" बाई म्हणाली. "भावोजी, मी मॅट्रिक नापास."

"मी सातवी," दीर म्हणाले.

नवऱ्याने तोंड उघडलं. "दादा, मी पण येतो. पुसायला वगैरे—"

"तू घरी बस!" दोघं एकदमच ओरडले.

बाईने पदराने चेहरा पुसला, अंगठ्याचं तेल गालाला लागलं ते तिला कळलंही नाही. बऱ्याच दिवसांनी तिला सपाटून भूक लागली होती.

"सकाळी किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

"उजेड झाला की," दीर म्हणाले. "मला नसला तरी तुला लागेल."